कुत्र्याचा नाश करणारा : गोचीड आणि तिच्यावरच्या औषधांचा इतिहास

१/
होमरच्या ‘ओडिसी’त वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी परतलेल्या ओडिसियसला त्याचा म्हातारा कुत्रा आर्गोस ओळखतो आणि प्राण सोडतो. हा प्रसंग पुष्कळांना ठाऊक असतो. त्या कुत्र्याचे वर्णन मात्र सहसा कोणाच्या लक्षात राहत नाही. आर्गोस दाराबाहेरच्या शेणाच्या ढिगावर पडलेला आहे आणि त्याचे अंग गोचिडींनी भरले आहे. तेथे गोचिडीसाठी आलेल्या ग्रीक शब्दाची फोड केली तर अर्थ निघतो ‘कुत्र्याचा नाश करणारा’. या नावातले तथ्य विज्ञानाला पटायला पुढे अडीच हजार वर्षे लागली. ते कसे पटले, आणि पटल्यानंतर गोचिडीवर शोधलेल्या औषधांपैकी काहींनी स्वतःच कुत्र्या-मांजरांचे बळी कसे घेतले, हा या धाग्याचा विषय.

२/
रोमन लोक गोचिडीला उपद्रव मानत. तिच्यापासून रोग होतो अशी त्यांची कल्पना नव्हती. इ.स.पू. ३७ च्या सुमारास, वयाच्या ऐंशीव्या वर्षी शेतीवर ग्रंथ लिहिणाऱ्या वॅरोने धनगरी कुत्र्यांसाठी एक लेप सांगितला आहे. पाण्यात वाटलेले बदाम कानांना आणि बोटांच्या बेचक्यांत लावावेत. न लावल्यास माश्या, गोचिडी आणि पिसवा तेथे व्रण करतात. कान आणि बेचके या दोन जागा त्याने अचूक हेरल्या होत्या. आजही कुत्र्याच्या अंगावर गोचीड शोधणारा माणूस प्रथम तेथेच पाहतो.

३/
इसवी सनाच्या पहिल्या शतकातला कोलुमेला आणखी एक गोष्ट सांगतो. डांबरासारख्या चिकट राळेत चरबी मिसळून ती गोचिडीला लावावी म्हणजे ती आपोआप गळून पडते. हाताने उपटू नये, जखम होते. आजचा पशुवैद्य नेमके उलटे सांगेल. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून गोचीड सरळ ओढून काढावी. तेल, रॉकेल, डांबर फासत बसू नये, कारण चवताळलेली गोचीड सुटण्यापूर्वी आपली लाळ जखमेत सोडू शकते. कोलुमेलाला भय होते ते व्रणाचे. लाळेतून काय उतरते याचा पत्ता लागायला १९ वे शतक संपत यावे लागले.

४/
तो पत्ता प्रथम गुरांत लागला. टेक्सासकडून उत्तरेकडे हाकलेली गुरे स्वतः धडधाकट असत, पण ज्या कुरणांतून ती जात तेथली स्थानिक गुरे पटापट मरत. गुराखी म्हणत, हे गोचिडींचे काम आहे. विद्वान हसत. १८९३ मध्ये थिओबाल्ड स्मिथ आणि एफ. एल. किलबोर्न यांनी वॉशिंग्टनच्या वेशीवरील प्रयोगकेंद्रातील चार वर्षांचे प्रयोग प्रसिद्ध करून गुराख्यांचे म्हणणे खरे ठरवले. रक्तातील तांबड्या पेशी फोडणारा एक सूक्ष्म परजीवी गोचिडीतून पसरतो, आणि तो आईच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो. सांधेपाद प्राणी रोगाचा वाहक असतो हे निर्विवादपणे सिद्ध करणाऱ्या अगदी पहिल्या कामांत याची गणना होते. डासांची आणि मलेरियाची कथा याच्या नंतरची.

५/
कुत्र्यांच्या बाबतीत हीच कामगिरी बजावणारा माणूस आज जवळजवळ विस्मृतीत गेला आहे.

चार्ल्स लाउन्सबरी हा ब्रुकलिनमध्ये जन्मलेला अमेरिकन तरुण १८९५ मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेतील केप वसाहतीचा सरकारी कीटकशास्त्रज्ञ म्हणून रुजू झाला. काम मुख्यतः फळबागांच्या किडींचे. पण वसाहतीत शिकारीच्या शौकिनांनी इंग्लंडहून आणलेले फॉक्सहाउंड एकामागून एक मरत होते. ताप, पांढुरक्या हिरड्या, मग कावीळ, गडद लघवी आणि काही दिवसांत मृत्यू. गावठी कुत्री त्या मानाने तग धरत. या रोगाला तेथे ‘घातक कावीळ’ म्हणत. वसाहतीचे मुख्य पशुवैद्य डंकन हचिन यांनी त्याचे वर्णन आधीच करून ठेवले होते. कारण मात्र अंधारात होते.

६/
लाउन्सबरीने संशयित धरली ती त्या भागातील कुत्र्यांची पिवळट गोचीड, हिमाफायसॅलिस लीची. आजारी कुत्र्यावर रक्त पिऊन टम्म झालेल्या माद्या त्याने गोळा केल्या आणि त्यांना अंडी घालू दिली. अंड्यांतून निघालेली सहा पायांची पिले निरोगी कुत्र्यांवर सोडली. कुत्र्यांना काहीही झाले नाही.

बहुतेकांनी येथे प्रयोग आटोपला असता.

७/
लाउन्सबरीने ती पिले जपली. रक्त पिऊन ती गळाली, कात टाकून आठ पायांची झाली. या मधल्या अवस्थेतल्या गोचिडी पुन्हा निरोगी कुत्र्यांवर सोडल्या. पुन्हा काही नाही. त्यांनीही कात टाकली. आता त्या प्रौढ झाल्या होत्या, आणि या प्रौढ गोचिडी ज्या कुत्र्यांना चावल्या त्यांना रोग जडला.

म्हणजे परजीवी आईच्या रक्ताहारातून अंड्यांत गेला, पिलांत गेला, दोन अवस्था निपचित राहिला आणि तिसऱ्या अवस्थेत बाहेर पडला. महिनोन्महिने चालणारी ही साखळी मधल्या कोणत्याही कडीपाशी तपासली असती तर निष्कर्ष निघाला असता की गोचीड निर्दोष आहे. निष्कर्ष १९०१ मध्ये वसाहतीच्या शेतकी नियतकालिकात प्रसिद्ध झाला. फळझाडांचे खवले कीटक पाहणाऱ्या माणसाने हे धीराचे काम केले, ही गोष्ट पशुवैद्यकाच्या इतिहासात जितकी ठळक असायला हवी तितकी नाही.

८/
त्यातून एक व्यावहारिक अर्थ निघाला. आजारी कुत्र्याला इतरांपासून दूर बांधून रोग थांबणार नव्हता, कारण रोग कुत्र्याकडून कुत्र्याकडे थेट जातच नव्हता. थांबवायची होती गोचीड.

९/
उपचाराचा एक चमत्कारिक अध्याय मधे येतो. केंब्रिजमध्ये जॉर्ज नटॉल यांनी आफ्रिकेतून आणवलेल्या संसर्गित गोचिडींवर काम सुरू केले आणि १९०९ मध्ये सीमोर हॅडवेन यांच्यासह दाखवले की ट्रिपान ब्लू या रंगद्रव्याच्या इंजेक्शनाने या रोगातून कुत्री वाचू शकतात. कुत्रा वाचत असे, मात्र त्याच्या हिरड्या आणि डोळ्यांचा पांढरा भाग निळसर होऊन बसे.

१०/
भारताचा संबंध येथेच येतो. १९०७ मध्ये एस. आर. ख्रिस्तोफर्स यांनी येथील कुत्र्यांतील परजीवीचे जीवनचक्र तपकिरी गोचिडीत, म्हणजे ऱ्हिपिसेफॅलस सँग्विनियसमध्ये, शोधून काढले. १९१० मध्ये वॉल्टर पॅटन यांना मद्रास हंट या शिकारी मंडळाच्या कुत्र्यांच्या रक्तात एक वेगळाच, आकाराने लहान परजीवी आढळला. मग तोच कोल्ह्यांच्या रक्तातही सापडला. त्याचे नाव आज बॅबेसिया गिब्सोनी. साहेबांच्या शिकारी कुत्र्यांपासून सुरू झालेली त्याची नोंद पुढे आशियाच्या मोठ्या भागातील कुत्र्यांची नोंद ठरली. ट्रिपान ब्लूचा त्याच्यावर काही परिणाम होत नाही.

११/
ही तपकिरी गोचीड महाराष्ट्रातल्या कुत्रे पाळणाऱ्या प्रत्येक घराच्या परिचयाची आहे. तिचा स्वभाव समजल्याशिवाय पुढचा इतिहास कळणार नाही. बहुतेक गोचिडी रानात, गवतात राहतात आणि आयुष्याच्या वेगवेगळ्या अवस्थांत वेगवेगळ्या प्राण्यांवर जगतात. ही मात्र तिन्ही अवस्थांत कुत्र्यावरच जगते आणि माणसाच्या घरात, कुत्र्याच्या खोपटात राहते. प्रत्येक वेळी पोट भरले की ती खाली उतरते आणि भिंतीवर वर चढत जाऊन भेगेत, दाराच्या चौकटीमागे, पडद्याच्या घडीत दडते. एक मादी हजारो अंडी घालते. उपाशी प्रौढ गोचीड महिनोन्महिने वाट पाहू शकते. उष्ण हवेत तिला विश्रांतीचा ऋतू नाही.

म्हणून कुत्र्याच्या अंगावर दिसणाऱ्या गोचिडी हा घरातल्या एकूण संख्येचा लहानसा भाग असतो. कुत्र्याला एकदा औषध घालून निश्चिंत झालेले घर तीन आठवड्यांनी पुन्हा चकित होते, त्याचे कारण भिंतीत असते.

१२/
पहिले मोठे हत्यार होते आर्सेनिक, म्हणजे सोमल. इंग्लंडमधील बर्कहॅमस्टेड गावचे विल्यम कूपर यांनी १८५२ मध्ये मेंढ्यांच्या खरजेसाठी आर्सेनिक आणि गंधकाची भुकटी बाजारात आणली. पुढे गोचिडींसाठी आर्सेनिकच्या पाण्याची टाकी बांधून त्यातून गुरे पोहत नेण्याची पद्धत ऑस्ट्रेलिया, आफ्रिका आणि अमेरिका येथे रूढ झाली.

गाय-मेंढीला जे सोसले ते कुत्र्याला सोसणे अवघड होते, आणि याला कारण कुत्र्याची जीभ. कुत्रा ओले अंग चाटून कोरडे करतो. त्वचेवर राहण्यासाठी बनवलेले विष पोटात जाते. ‘बाहेरून लावायचे’ आणि ‘पोटात घ्यायचे’ हा माणसाने केलेला भेद कुत्र्याला मान्य नाही; त्याच्यासाठीच्या प्रत्येक औषधाला तेव्हापासून या जिभेचा हिशेब करावा लागला.

१३/
नंतर डेरिस नावाच्या वेलीच्या मुळांची भुकटी आली. ती सौम्य होती, पण उन्हात तिचा जोर लवकर ओसरे. दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी आणि गॅमेक्झिन आले आणि काही वर्षे असे वाटले की प्रश्न संपला. गोचिडींना तसे वाटले नसावे. दक्षिण आफ्रिकेत गुरांच्या निळ्या गोचिडीने आर्सेनिकला १९३० च्या दशकाच्या अखेरीसच दाद देणे सोडले होते. नव्या क्लोरीनयुक्त औषधांनाही गोचिडी एकेक करून पचवू लागल्या. तपकिरी गोचीड यात मागे राहिली नाही. ‘पूर्वी हे औषध चाले, आता चालत नाही’ ही तक्रार आजची नव्हे. ती सत्तर-ऐंशी वर्षे जुनी आहे.

१४/
दरम्यान रोगांची यादी वाढत होती. १९३५ मध्ये अल्जीरियातील पाश्चर संस्थेत दोनातिएँ आणि लेस्तोकार यांना गोचिडींनी ग्रासलेल्या कुत्र्यांत एक नवा जंतू सापडला. त्याला आज एर्लिकिया कॅनिस म्हणतात. तीन दशके त्याच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. मग व्हिएतनाम युद्धात अमेरिकी लष्कराचे जर्मन शेफर्ड नाकातून रक्त वाहून मरू लागले. सिंगापुरातील ब्रिटिश लष्करी कुत्र्यांतही हीच लक्षणे दिसली होती. अस्थिमज्जा निकामी होऊन सर्व प्रकारच्या रक्तपेशी घटत. शेकडो प्रशिक्षित कुत्री आजारी पडल्यावर वॉल्टर रीड संशोधन संस्थेतील पशुवैद्यांनी छडा लावला तेव्हा समोर आला तो अल्जीरियातला जुनाच जंतू, आणि वाहक पुन्हा तीच तपकिरी गोचीड.

१५/
यातून प्रतिबंधाच्या दृष्टीने एक महत्त्वाचा भेद पुढे स्पष्ट झाला. बॅबेसिया कॅनिसला गोचिडीच्या लाळेत सज्ज होऊन कुत्र्यात उतरायला साधारण दोन दिवस लागतात. एर्लिकिया मात्र काही तासांतच उतरू शकतो. तेव्हा चावलेल्या गोचिडीला दुसऱ्या दिवशी मारणारे औषध पहिल्या रोगाला बऱ्यापैकी रोखते, दुसऱ्याला तितके नाही. ‘औषध परिणामकारक आहे का’ या प्रश्नाला ‘कोणत्या रोगावर’ हा प्रतिप्रश्न अपरिहार्य असतो.

१६/
आता या इतिहासातला सर्वांत बोधक प्रसंग. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांनी गोळा केलेल्या मातीतील एका जीवाणूपासून आयव्हरमेक्टिन निघाले. ते १९८१ मध्ये पशुवैद्यकात आले आणि जगभर परजीवींवर रामबाण मानले गेले. ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना त्यासाठी २०१५ चे नोबेल मिळाले. गुरांना दर किलोला २०० मायक्रोग्रॅम दिले जाई. हेच इंजेक्शन लोकांनी कुत्र्यांनाही द्यायला सुरुवात केली. बहुतेक कुत्र्यांना काही झाले नाही. कॉली जातीची कुत्री मात्र झिंगू लागली, आंधळी झाल्यासारखी धडपडू लागली, बेशुद्ध होऊन मरू लागली. कुत्र्यांतील हृदयकृमींसाठी मान्य झालेली मात्रा दर किलोला ६ मायक्रोग्रॅम आहे. गुरांची मात्रा तिच्या तेहेतीस पट.

१७/
कॉलीच का? उत्तर आले ते कुत्र्यांवरच्या संशोधनातून नव्हे.

ॲम्स्टरडॅममधील कर्करोग संस्थेत आल्फ्रेड शिंकेल आणि सहकाऱ्यांनी एक विशिष्ट जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले होते. हे जनुक पेशीतून औषधे बाहेर ढकलणारा एक पंप घडवते, आणि कर्करोगाच्या गाठी त्याच पंपाने औषधांना हुलकावणी देतात. संशोधनाचा विषय तो होता. उंदरांच्या खोलीत माइट किडे झाले. नेहमीप्रमाणे आयव्हरमेक्टिनचा फवारा मारण्यात आला. साधे उंदीर ठणठणीत राहिले. जनुक नसलेले जवळजवळ सगळे उंदीर मेले. मेंदूच्या रक्तवाहिन्यांत बसलेला तो पंप आयव्हरमेक्टिनला मेंदूबाहेर ठेवत असतो, हे त्या अपघाताने उघड केले. निबंध १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला.

१८/
२००१ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील कॅट्रिना मीली यांच्या गटाने कॉलींत त्याच जनुकातला दोष शोधला. डीएनएची अवघी चार अक्षरे गळालेली. २००४ मध्ये आणखी काही जातींत तोच दोष आढळला, आणि तो ब्रिटनमधील मेंढपाळी कुत्र्यांच्या एका समान पूर्वजाकडे पोहोचत होता. लेबलवर ‘कुत्र्यांसाठी’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही, कोणता कुत्रा हेही महत्त्वाचे, असा तो शोध होता. गुरांचे आयव्हरमेक्टिन कुत्र्यांना टोचण्याची सवय भारतात अजून गेलेली नाही. शिवाय गोचिडींवर त्याचा प्रभाव मुळात बेताचाच आहे. थोड्या लाभासाठी हा मोठा जुगार ठरतो.

१९/
दुसरा भेद प्राण्या-प्राण्यातला. शेवंतीच्या कुळातील पायरेथ्रमच्या फुलांत कीटकनाशक गुण असतात. त्या रेणूला उन्हात टिकाऊ करून मायकेल एलियट यांनी १९७३ मध्ये रॉथॅमस्टेड येथे परमेथ्रिन घडवले. कुत्र्याच्या मानेवर थेंब टाकायच्या औषधांत ते दाट प्रमाणात वापरले जाते. गोचीड चावण्याआधीच दूर राहते, हा त्याचा मोठा गुण. पण मांजराच्या यकृताला ते नीट विघटित करता येत नाही. कुत्र्याचा थेंब मांजराला लावला, किंवा नुकत्याच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून मांजर झोपले, तरी झटके येऊन ते मरू शकते. ‘फुलांपासूनचे’ या शब्दाने येणारा विश्वास येथे फसवा ठरतो. याच काळात आलेल्या अमिट्राझने गोचिडी चांगल्या मरत, पण त्याने रक्तातील साखर चढते. मधुमेही कुत्र्याला ते घातक.

२०/
फिप्रोनिलच्या आगमनानंतर, म्हणजे १९९० च्या दशकात, दुकानात जाऊन नळी आणायची आणि मानेवर रिकामी करायची इतके हे काम सोपे झाले. सोपेपणाचा हिशेब पुढे आला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेकडे अशा थेंबांबाबत २००८ या एका वर्षात ४४,००० हून अधिक तक्रारी पोहोचल्या. त्वचा लाल होण्यापासून झटके आणि मृत्यूपर्यंत सर्व प्रकारच्या. संस्थेने त्या तपासल्या आणि २०१० मध्ये निष्कर्ष मांडले. लहान चणीच्या कुत्र्यांना त्रास अधिक झाला होता. मांजरांना कुत्र्यांचे औषध लावल्याच्या घटना पुष्कळ होत्या. वजनाचे गट फार रुंद होते. एकाच नळीसाठीच्या गटात सर्वांत हलका आणि सर्वांत जड कुत्रा एकत्र बसवला, तर हलक्याच्या वाट्याला प्रत्येक किलोमागे कितीतरी अधिक औषध येते. एक मोठी नळी आणून दोन लहान कुत्र्यांत अंदाजाने वाटणारा मालक हीच चूक घरी करतो.

२१/
२०१३ पासून आयसॉक्साझोलिन गटाच्या गोळ्या आल्या. आधी अफोक्सोलेनर, मग फ्लुरालेनर, सारोलेनर, लोटिलेनर. गोचिडीच्या चेतापेशींतील जी द्वारे त्या बंद करतात, त्यांच्याशी सस्तन प्राण्यांच्या द्वारांपेक्षा त्यांची जवळीक कितीतरी अधिक. औषध कुत्र्याच्या रक्तात असल्याने चाटण्याचा, धुऊन जाण्याचा, मांजराला लागण्याचा प्रश्न उरत नाही. मात्र गोचीड चावल्याशिवाय मरत नाही. एर्लिकियाचे घड्याळ येथे आठवावे. शिवाय सप्टेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने इशारा दिला की या गटाच्या औषधांनी काही प्राण्यांत स्नायूंचा थरकाप, तोल जाणे आणि झटके आढळतात. बहुसंख्य कुत्र्यांसाठी ती सुरक्षित असल्याचेही त्याच निवेदनात होते. ज्या कुत्र्याला पूर्वी झटके आले आहेत त्याच्या मालकाने हे डॉक्टरांना आधी सांगावे, एवढा त्याचा व्यवहारातला अर्थ.

गळ्यातल्या औषधी पट्ट्याबद्दलही असाच वाद पेटला. एका लोकप्रिय पट्ट्यावरील तक्रारींची छाननी करून पर्यावरण संरक्षण संस्थेने २०२३ मध्ये विक्री चालू ठेवू दिली, पण वाढीव इशारे आणि मुदतीची अट घालून.

२२/
लाउन्सबरीने केपमध्ये पाहिलेला परजीवी युरोपातल्या परजीवीहून वेगळा आणि फार अधिक घातक आहे, हे १९८९ मध्ये खेरिट उइलेनबर्ग यांच्या वर्गीकरणातून स्पष्ट झाले. तिघांचे वाहक वेगळे, तीव्रता वेगळी आणि प्रतिकारशक्तीही वेगळी. त्यामुळे युरोपात १९८० च्या दशकात निघालेली लस केपच्या कुत्र्यांना उपयोगी पडली नाही.

पॅटनला मद्रासेत सापडलेला लहान परजीवी भारतातून हललेला नाही. मोठ्या बॅबेसियावर चालणारे इमिडोकार्ब त्याला पुरते हटवत नाही. बरा झालेला कुत्राही बहुधा रक्तात तो बाळगून राहतो आणि त्याच्याकडून पुढच्या गोचिडीला तो मिळत राहतो. म्हणून रक्तदात्या कुत्र्याचे रक्त देण्यापूर्वी तपासावे लागते, आणि ज्या घरात एक कुत्रा असा आहे तेथे दुसरे पिल्लू आणण्याआधी औषध कुत्र्याच्या वजनाला जुळवून, भिंतीच्या भेगा बुजवून आणि अंथरूण गरम पाण्यात धुऊन घ्यावे लागते.